उलट्या गाडीचा गंधार

१३ ऑगस्ट १९९५, रविवार

आजपासून आमच्या घरात गाड्यांना गाणं शिकवलं जाणार आहे. पुढे जाणाऱ्या गाड्यांना नव्हे. मागे येणाऱ्या.

दिल्लीत हल्ली गाडी मागे घेताना नुसतं पीं-पीं वाजलं तर लोकांना कमीपणा वाटतो. रिव्हर्स गिअर पडला की सिनेमातलं गाणं वाजलं पाहिजे. गाणं जितकं भिकार तितका गाडीवाला खूश. आणि या महान कार्यासाठी श्रीयुत राजीव आठल्ये, साहाय्यक अभियंता, वायरलेस खातं, यांनी एकवीस वर्षांच्या सरकारी नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली, आर. के. पुरमचं क्वार्टर सोडलं, माझा गाण्याचा क्लास मोडला, आणि आम्हाला नोएडात आणून टाकलं. इथे वस्तीला नाव सुचलं नाही म्हणून आकडा दिलाय. झाड दिसत नाही. वीज येते तेव्हा शेजारी टाळ्या वाजवतात.

"देश बदलतोय, सुनेत्रा," असं हे चार महिने म्हणताहेत. देश बदलला असेल. मला फक्त पत्ता बदललेला दिसला.

भागीदार म्हणजे कोणी कोहली. करोल बागेत गाड्यांच्या सामानाचं दुकान. सीट कव्हर, स्टेअरिंगचे झगे, डॅशबोर्डवर चिकटवायचे देव. आज घरी आले होते. पायातले बूट न काढता थेट माझ्या तंबोऱ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "भाभीजी, म्यूज़िक लाइन में तो आप भी हैं!"

म्यूज़िक लाइन.

१९ ऑगस्ट, शनिवार

हे काय चाललंय ते एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर मूर्खपणाचा तपशील हाताशी असेल.

कोहलींचा मेहुणा लग्नांत कीबोर्ड वाजवतो. त्याच्या कीबोर्डावरून फ्लॉपीवर मिडी नावाची फाइल येते. तिच्यात आवाज नसतोच. कुठली पट्टी कधी दाबली आणि कधी सोडली एवढीच नोंद. प्रत्येक पट्टीला नंबर. म्हणजे गाण्याचं प्रेत, आणि वर नुसता कोणी कुठे बसलं होतं त्याचा जबाब.

दुसरीकडे ह्यांनी जुन्या दिल्लीतल्या एका कबाड्याकडून पोतंभर जुन्या चिपा आणल्यात. हॉर्नमध्ये त्या बसणार. त्यांना बेसिक नावाची एकच भाषा कळते. आणि ही भाषा, आमच्या मुलीच्या, पूर्वीच्या, म्हणण्याप्रमाणे, शाळेत आठवीला शिकवतात आणि सोडून देतात. "पापा, आता कोणी यूज़ नाही करत बेसिक," ती म्हणाली. बारावीत आहे. बाबा म्हणायला लाज वाटते, पापा म्हणते.

तर ह्यांनी असा प्रोग्राम लिहायला घेतलाय की एका बाजूने मिडी घालायचं आणि दुसऱ्या बाजूने बेसिकच्या ओळी पडायच्या, गिरणीत गहू टाकल्यावर पीठ पडतं तशा. एवढी कंपनं, एवढा वेळ. एवढी कंपनं, एवढा वेळ. त्या ओळी चिपमध्ये भरायच्या, चिप हॉर्नमध्ये, हॉर्न मारुतीच्या ढुंगणाला.

बेसिकच्या ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर असतात. नंतर काही आठवलं तर मध्ये पंचवीस घालता यावी म्हणून. सगळ्या प्रकरणात मला दिसलेली अक्कल एवढीच.

२७ ऑगस्ट, रविवार

पहिलं गाणं तयार झालं म्हणून ह्यांनी आम्हाला बोलावलं. कंप्यूटरमधून घूं घूं घूंऽ घूं असं काहीतरी आलं. कोणीतरी रिकाम्या पिंपात म्हैस बांधली आहे असं.

"हे गाणं आहे?" मी विचारलं.

"का? तेच तर आहे. मला तर तेच वाटलं."

मी फाइल बघितली. म्हणजे ह्यांनी दाखवली, मी समजून घेतलं. हॉर्नला एका वेळी एकच सूर काढता येतो. फाइलमध्ये एकाच वेळी चार-चार सूर असतात. त्यातला एक ठेवायचा, बाकीचे टाकायचे. ह्यांनी दर वेळी सगळ्यात खालचा ठेवला होता. गाणारी बाई हाकलून दिली आणि मागचा साथीदार ठेवला!

"अहो, चाल वरच्या सुरात असते. इतकंही कळत नाही?"

माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले. मग म्हणाले, "वरचा. बरं." आणि प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली. गाणं ओळखू आलं. ओळखू आल्यावर आणखी वाईट वाटलं.

ह्याच माणसाने लग्नानंतर पहिली दोन वर्षं माझ्या रियाझाच्या वेळी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचं व्रत केलं होतं. एक राग ओळखायला यायचा नाही, पण तंबोऱ्याची तार किंचित उतरली की आतमध्ये यायचे. पन्नाशीच्या आत माणसाचा कान असा मातीत जातो, हे मी पहिल्यांदाच पाहतेय. पैशाचा नाद लागला की पहिला बळी सुराचा.

६ सप्टेंबर, बुधवार

डाळ करपली. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. हे कुकरपासून चार हातांवर पेपर वाचत बसलेले. शिट्ट्या मला गच्चीवर ऐकू येत होत्या. खाली येऊन बघते तर घरभर वास, आणि हे नाक वर करून म्हणतात, "काहीतरी जळतंय का?"

नोकरीत होते तेव्हा निदान साडेनऊला घराबाहेर तरी जायचे.

पूर्वीचं वेगळंच नाटक. पापांशी बोलायचं असेल तर आधी जाऊन त्यांच्या दंडाला हात लावते, समोर उभी राहते, मग हळूहळू एक-एक शब्द. जणू काही राष्ट्रपतींना निवेदन देतेय. मी म्हटलं, "पंधरा फुटांवरून बोललीस तर काय झिजेल?" तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच अडाणी.

२१ सप्टेंबर, गुरुवार

आज राजधानीत गणपती दूध पीत होता. डॉक्टर, वकील, सचिवालयातले अधिकारी, सगळे चमचा-वाटी घेऊन देवळांपुढे रांगेत. माझ्या शेजारणीने गणपतीला दूध मिळालं नाही म्हणून चहा न पिता दिवस काढला. ह्या लोकांच्या हातात म्हणे देशाची अर्थव्यवस्था मोकळी सोडलीय.

कोहली संध्याकाळी आले, रांगेतूनच. त्यांच्याकडे नवा हातातला फोन आहे. विटेएवढा. सारखा कानाला. आमच्यासमोर बसून त्यांनी करोल बागेतल्या आपल्याच दुकानात फोन लावला आणि तो ह्यांच्या हातात दिला. "बोलिए राजीव जी, लड़का ऑर्डर बताएगा।"

हे क्षणभर तो फोन धरून बसले. मग माझ्यापुढे केला. "तूच घे. तुला हिंदी चांगलं येतं."

वीस वर्षं दिल्लीत काढलेला माणूस! मी ऑर्डर लिहून घेतली. कोहली गेल्यावर म्हटलं, "नोकर ठेवलाय का मला?" हे पाठमोरे होऊन वायरी गुंडाळत होते. उत्तर द्यायचीही तसदी नाही.

४ ऑक्टोबर, बुधवार

काल दसरा. आज हे करोल बागेत गेले होते. घरात मी, आणि टेबलावर ते यंत्र. सकाळपासून डोक्यात एकच गोष्ट सलत होती, म्हणून बसले.

गोष्ट अशी. मिडीतल्या पट्ट्या पेटीसारख्या असतात, सगळ्या पट्ट्या एकसारख्या अंतरावर कापलेल्या. सा जर हजार कंपनांचा धरला तर त्यांच्या हिशेबाने गंधार येतो बाराशे साठ. आमच्या मिरजेच्या गुरुजींचा गंधार बाराशे पन्नास. दहाचा फरक. त्या दहासाठी गुरुजींनी मला एक पावसाळाभर दुसरं काही गाऊ दिलं नव्हतं. पेटीवाला काही करू शकत नाही, त्याची पट्टी ठोकलेली. पण ह्या भंगार भाषेत सूर म्हणजे नुसता आकडा! आकडा खोडायचा, दुसरा लिहायचा.

मी १२६० खोडून १२५० लिहिलं. प्रोग्राम पळवला.

माझ्या गुरुजींचा गंधार, त्या टिनाच्या डब्यातून.

मग पंचम दीड हजार केला, धैवत सोळाशे सदुसष्ट. मेहुण्याचं गाणं काढून टाकलं आणि त्या जागी भूपातली एक लहानशी ओळ घातली, माझी स्वतःची. जेवायचं राहिलं. पूर्वी घरी आली तेव्हा तिला दार उघडायला मी उठले नाही, असं ती म्हणते. तिने बरीच बेल वाजवली म्हणे. मी कामात होते. ते वेगळं आणि ह्यांचं वेगळं.

हे आल्यावर वाजवून दाखवलं. डोळे मिटून, कंप्यूटरवर तळहात ठेवून ऐकलं. "छान," म्हणाले.

"काय बदललंय?"

"छानच आहे."

"अहो, काय बदललंय?"

ह्यांनी पडद्याकडे बघितलं. ओळी वाचल्या. चेहरा एकदम उजळला. "गंधार! दहाने उतरवलास. आणि अख्खा भूप आहे हा. सुनेत्रा, वा!"

आकडे वाचून दाद. जेवण न जेवता मेनूकार्ड वाचून ढेकर द्यावा तशी. मी यंत्र बंद केलं.

१५ ऑक्टोबर, रविवार

कोहलींनी माझा भूप ऐकला. "बड़ा क्लासिकल है, भाभीजी," तोंड वाकडं करून म्हणाले. "लेकिन क्लास है। बड़ी गाड़ी वालों के लिए रख लेते हैं।" दोन आठवड्यांत आणखी शंभर मागवलेत. म्हणे डिफेन्स कॉलनीतल्या बायकांना हा हॉर्न "सोबर" वाटतो.

पहाटे चारला तंबोरा लावून जे शिकले ते आता पार्किंगमध्ये सोबर वाटतंय. ह्याच्यावर हसायलाही मला वेळ नाही, कारण देस, तिलंग आणि हंसध्वनी अशा तीन ओळी आणखी हव्या आहेत आणि त्या दुसऱ्या कोणाला येणार नाहीत. हे मिडीतून भाषांतर करत बसलेत, मी सरळ बेसिकमध्ये गाते. माझ्या ओळी ह्यांच्यापेक्षा स्वच्छ असतात.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

आज घडलं ते लिहिलं नाही तर झोप यायची नाही.

दिवाळी अशीच गेली. अमावास्येच्या सकाळी सूर्यग्रहण म्हणून सगळा सेक्टर दारं-खिडक्या लावून बसला होता, आणि त्या अंधाऱ्या घरात माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाने माझ्याशी आपणहून एक वाक्य बोलल्याला किती दिवस झाले ते मला आठवत नाही. आकड्यांशी बोलतात. विचारलं तर "हो", "बरं", "छान". कधी भलतंच उत्तर. मी विचारते दूध आलं का, हे सांगतात उद्या येईल कोहली.

आज संध्याकाळी मी ओट्याशी भांडी विसळत होते. हे मागे टेबलाशी. नळ चालू होता. मी ठरवून बोलले. इतके दिवस मनात घोकलेलं. म्हटलं, "मी मिरजेला जाते. दादाकडे. तिथे मला शिकवता येईल. पूर्वीची परीक्षा झाली की तीही ठरवेल काय ते. मला ह्या घरात आता राहवत नाही."

शेवटपर्यंत म्हटलं.

मागून आवाज आला, "चालेल. साखर कमी टाक."

एकवीस वर्षं. मी घर सोडण्याबद्दल बोलतेय आणि ह्यांना चहाची पडली आहे. चालेल! इतकी पराकोटीची तुच्छता मला स्वतःलाही कधी जमली नाही.

मी चहा केला. साखर मुळीच टाकली नाही. सगळा प्यायले.

३ नोव्हेंबर, शुक्रवार

निजामुद्दीनहून मिरजेचं तिकीट काढलं. वीस तारखेचं. पूर्वीला सांगितलं. ती रडली नाही, ओरडली. "आपने पापा को बताया? सामने बैठ के?"

"सांगितलं. चालेल म्हणाले."

"सामने बैठ के, आई?"

माझ्याशी हिंदीत भांडते. मी मराठीत उत्तर द्यायचं बंद केलं. म्हणजे बोलायचंच बंद केलं.

१२ नोव्हेंबर, रविवार

ह्यांचा उजवा पाय मोडला. घोट्याच्या वर. प्लास्टर. बाकी पुन्हा कधीतरी.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

शनिवारी हे हॉर्नचं खोकं घेऊन कोहलींकडे निघाले. मला सुटकेस घ्यायची होती, करोल बागेतच मिळतात बऱ्या, म्हणून मीही निघाले. एकाच चार्टर्ड बसने, वेगवेगळ्या सीटवर. उतरल्यावर मी दहा पावलं मागे.

कोहलींच्या दुकानाची गल्ली तुम्ही-आम्ही चालायला नाही, गाड्या उभ्या करायला आहे. दोन्ही बाजूंना बॉनेट उघडी टाकलेल्या गाड्या, मध्ये हातगाडे, मध्ये माणसं. हे दोन्ही हातांत खोकं धरून मधून चाललेले. इतक्यात डाव्या बाजूने एक पांढरी मारुती मागे यायला लागली, आणि तिच्यातून माझा भूप वाजला.

खरं सांगायचं तर मी थांबले. आपलं गाणं भर बाजारात असं पहिल्यांदाच ऐकत होते. गल्लीतल्या त्या गोंगाटात गंधार अगदी सरळ उभा होता. मला वाटलं, बघ, आता हे वळतील, मागे माझ्याकडे बघतील. रुसवाफुगवा काही असो, ह्या क्षणाला बघतीलच.

वळले नाहीत. गाडी येत राहिली, गाणं वाजत राहिलं, आणि हे तिच्या वाटेत तसेच चालत राहिले. मला वाटलं, गुर्मी. माझ्या गाण्याकडेसुद्धा वळून बघायचं नाही एवढी गुर्मी. मग गाडी अगदी हातभर राहिली आणि मी ओरडले, "अहो!" पुन्हा ओरडले. त्या गल्लीतली अनोळखी माणसं वळली, शेंगदाणेवाला वळला. हे वळले नाहीत.

गाडी लागली. खोकं उडालं. हे पडले तेव्हा पाय चाकाच्या बाजूला अडकला.

गाडीवाला तरुण पोरगा, घाबरलेला, दार उघडून ओरडत आला. "अंकल, बहरे हो क्या? इतने ज़ोर से बज रहा है!"

हे जमिनीवर पडल्या-पडल्या त्याच्या तोंडाकडे बघत होते. पूर्वी बोलताना बघतात तसे. मी बोलताना बघतात तसे. आणि म्हणाले, "हाँ।"

एवढंच. चिडून नाही. पत्ता विचारल्यावर सांगावा तसं. "हाँ।"

मी तिथे पोचले होते. मला ते ऐकू आलं.

१८ नोव्हेंबर, शनिवार

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, चाकाच्या खुर्चीतून. काचेच्या खोलीत बसवून तपासलं. मग आम्हाला कागदावर एक आलेख दाखवला. डावीकडे रेघ बरी चालते, मग कड्यावरून पडल्यासारखी खाली. डॉक्टर म्हणाले, खालचे सूर ह्यांना बरेच येतात. वरचे जवळजवळ नाहीत. पुरुषांचं बोलणं अर्धंमुर्धं, बायकांचं आणखी कमी, शिट्टी, बेल, हॉर्न हे तर नाहीच. परत यायचं नाही. यंत्र लावून थोडी मदत होईल. "बहुत दिनों का है," ते म्हणाले. "घर में किसी ने नोटिस नहीं किया?"

पूर्वीने माझ्याकडे बघितलं नाही. ते बरं केलं.

घरी आल्यावर तिला विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, दहावीपासून. "पापांनी प्रॉमिस घेतलं होतं. आणि मी तुला किती वेळा म्हटलं, सामने बैठ के बोल. तू नेहमी पाठमोरी बोलतेस, आई. भांड्यांशी."

मग मी खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसले. गुडघ्याला गुडघा.

"नोकरी का सोडलीत?"

"हेडफोनवर एक संदेश आला होता. मला आलाच नाही. शेजारच्या टेबलावरच्या दामल्याने घेतला आणि कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या वेळी दामले नसता तर?"

"मला का नाही सांगितलंत?"

बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी आणखी काही म्हणतेय का ते. मग म्हणाले, "तू म्हणाली असतीस."

"काय म्हणाले असते?"

"तू म्हणतेस ते. करपलेल्या डाळीला म्हणतेस, कोहलीला म्हणतेस, नोएडाला म्हणतेस. मला वाटलं, माझ्या कानांना नको."

बोलण्यासारखं होतं ते सगळं त्यांनी आधीच मोजलेलं.

"मग गाण्याचाच धंदा कसला? कानाने अधू माणसाने?"

तेव्हा हसले. "मिडीत आकडे असतात ना. साठ, चौसष्ट, सदुसष्ट. ते वाचले की मला डोक्यात वाजतं. पहिल्यासारखं, स्वच्छ. तुझा बाराशे पन्नास वाचला तेव्हा तर तुझा आवाज आला, सुनेत्रा. मिरजेच्या घरातला. तुला वाटलं मी खोटं छान म्हटलं."

मला राग आलाय. कोणाचा ते नक्की ठरत नाही, पण पुष्कळ आलाय. दोन वर्षं ह्या माणसाने मला भिंतीशी बोलू दिलं आणि भिंत आपण आहोत हे सांगितलं नाही.

"त्या दिवशी ओट्याशी मी काय म्हटलं, कळलं होतं?"

"चहा टाकू का म्हणालीस. का?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी दोन वर्षं लपवलं, मी हे एवढं लपवते. फिट्टंफाट.

२० नोव्हेंबर, सोमवार

तिकीट रद्द केलं. पूर्वीला म्हटलं, तुझ्या बापाला प्लास्टरमध्ये टाकून जाणं बरं दिसत नाही, म्हणून. ती "अच्छा" म्हणाली. हल्लीच्या मुलांना एका शब्दात किती उर्मटपणा बसवता येतो!

२५ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांचा आलेख यंत्राशेजारी चिकटवलाय. रेघ कुठे पडते ते बघितलं. सा हजारावर ठेवला होता तोही मीच. तो ह्यांच्यासाठी कड्याच्या पलीकडे. म्हणून सा अडीचशेवर आणला, दोन सप्तकं खाली, आणि तिथे नवी ओळ बांधायला बसले. जुनी खाली ओढून चालत नाही. मंद्रातली चाल वेगळी असते, तिला घाई चालत नाही.

आमचा तो छोटा भोंगा इतकं खालचं गाईना. नुसता फरफरायचा. हे पलंगावरून सूचना देत होते, जुन्या रेडिओचा मोठा स्पीकर काढ, लाल वायर इकडे, काळी तिकडे. मी दोनदा उलट्या लावल्या. "अगं, लाल!" म्हणून ओरडले. किती दिवसांनी माझ्यावर ओरडले!

कोहली पेढे घेऊन बघायला आले होते. अपघाताबद्दल खरंच वाईट वाटलं होतं बिचाऱ्याला, डोळे पुसले. स्पीकरमधून अर्धवट ओळ वाजवली तर म्हणाले, "भाभीजी, ये तो भैंस है।"

"आहेच," मी म्हटलं. "मग?"

"मारुती में नहीं चलेगा।" जरा वेळाने म्हणाले, "ट्रकवालों को पूछ के देखता हूँ।" दरवाज्याशी पोचल्यावर परत आले, ह्यांच्यासमोर उभे राहिले आणि मोठ्याने, अक्षर अक्षर फोडून म्हणाले, "राजीव जी! जल्दी! ठीक! हो जाइए!" सगळ्या मजल्याने ऐकलं असेल. माणूस अडाणीच आहे. पण समोर उभा राहून बोलला.

२ डिसेंबर, शनिवार

ओळ पूर्ण झाली. ह्यांचा पाय स्टुलावर, पाठीला उशी. स्पीकर त्यांच्यापासून चार हातांवर ठेवला. मुद्दामच, तळहात टेकवता येऊ नये म्हणून. पडदा भिंतीकडे वळवला, वाचता येऊ नये म्हणून.

वाजवलं. सा, रे, ग. पंचमावरून धैवताला जाऊन परत गंधारावर उतरणारी ओळ. हे डोळे मिटून बसले होते. संपली तेव्हा डोळे उघडले.

मी वाट बघत होते "छान"ची.

"धैवत चढलाय," म्हणाले.

"काय?"

"दुसऱ्या वेळेचा. चढलाय. चांगलाच."

"काहीतरीच काय! माझा धैवत? तुम्हाला आता धैवत कळायला लागला?"

"कळायचा काय प्रश्न आहे? ऐकू आला. कानात टोचला."

"स्पीकर जुना आहे तुमचा."

"स्पीकरला दोष देऊ नकोस. पहिल्या वेळी बरोबर होता, दुसऱ्या वेळी चढला. स्पीकर काय मध्येच नवा झाला?"

मी म्हटलं, हेडफोन लावून ज्यांनी एकवीस वर्षं फक्त टक-टक ऐकली त्यांनी मला सूर शिकवू नये. ते म्हणाले, शिकवत नाही, सांगतोय. मी म्हटलं, मिरजेला गुरुजींसमोर असं कोणी बोललं असतं तर जिना दाखवला असता. ते म्हणाले, गुरुजींनी तुलाच दाखवला असता. आवाज इतके चढले की पूर्वी अभ्यास सोडून बाहेर आली, दाराला टेकून आमच्या दोघांकडे बघत राहिली, आणि परत आत गेली. दार मात्र उघडं ठेवलं.

मी तणतणत पडद्याशी गेले. एकशे चाळीस नंबरची ओळ. ४१६ लिहायचं होतं. ४६१ लिहिलं होतं.

आकडा सुधारला. पुन्हा पळवलं. हे मान कलती करून ऐकत होते. ओळ धैवतावर गेली, तिथून गंधारावर उतरली, संपली.

"आता बरोबर," ते म्हणाले. "बदललंस ना?"

मी पडद्यापासून उठले, त्यांच्यापुढे जाऊन बसले, उजेड तोंडावर येईल असा चेहरा धरला, आणि अगदी स्वच्छ, एक-एक शब्द सांगितला, "मी. काही. बदललेलं. नाही."

हसू आवरेना त्यांना. पाय हलला, दुखला, तरी हसत होते.